आमची वाटचाल: गाडी नंतर, आधी बांधणी

वेबसाइटवर "आमची वाटचाल" असं पान हवंच असं धाकट्या भावाने ठरवलं, फोटो त्याने टाकले आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. तर आमचं काम म्हणजे शेतीची जड मशिनरी इकडून तिकडे पोचवणं. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, बेलर (चाऱ्याचे गठ्ठे बांधणारं मशीन), मोठे फवारणी पंप, जे स्वतः चालत नाही ते आणि जे चालतं पण लांब पल्ल्याला टायर झिजवत न्यायला परवडत नाही तेही. सुरुवात एका ट्रेलरवर झाली, भाऊ गाडी चालवायचा आणि मी मागे साखळ्या ओढायचो. बाहेरच्यांना वाटतं की हा धंदा ड्रायव्हिंगचा आहे. गाडी तर कोणीही चालवेल हो, पार्टी पैसे देते ते चढवायचे आणि बांधायचे.

चढवताना ट्रेलर सपाट आणि टणक जागेवर, ओढणाऱ्या गाडीला जोडलेला, ब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे, एवढं बहुतेक जण करतात. राहून जातो तो ट्रेलरच्या मागच्या टोकाखालचा टेकू. मोठं धूड रॅम्पवर आलं की सगळं वजन शेपटीवर पडतं, मागचं दबतं, पुढचं उचलतं, आणि ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी झाली की ब्रेक लावलेला असूनही अख्खं लटांबर सरकायला लागतं. चढ उभा असेल तर मोकळा ट्रॅक्टर आम्ही रिव्हर्समध्येच चढवतो, कारण तोंड वर करून चढवला की पुढची चाकं उचलायला बघतात. रॅम्पच्या बाजूला उभं राहून "घे घे, अजून घे" करणारे लोक आम्हाला अजिबात नको असतात. इशारा करणारा एकच, तोही लांब आणि ड्रायव्हरला दिसेल असा.

आता रिव्हर्समध्ये चढवला की धुराड्याचं तोंड वाऱ्याकडे येतं. त्याला टोपी किंवा टेप लावायचीच, नाहीतर वारं आत शिरून टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाचा, पंखा फिरत राहतो आणि इंजिन बंद असल्यामुळे ऑइल मिळत नाही, बेअरिंग कोरडं चालतं. पोचल्यावर मशीन बाहेरून चकाचक आणि आतून टर्बो खराब, मग दोष कुणाचा यावर भांडण. टेपचा तुकडा स्वस्त पडतो.

बांधणीत लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे वजन. "दहा टनाचं आहे, हलतंय कुठे!" अहो, जोरात ब्रेक मारला की तेच दहा टन पुढे जायला बघतं, आणि हिशोब करताना पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर धरतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. म्हणजे १० टनाच्या हार्वेस्टरला पुढे ८ टनाचा धक्का. ८ एमएमच्या ग्रेड ८० (मजबुतीचा दर्जा) लॅशिंग चेनच्या, म्हणजे माल बांधायच्या साखळीच्या, टॅगवर ४००० डेकान्यूटन असतं, साधारण ४ टनाची ओढ. चार चेन लावल्या म्हणजे १६ टन झाले असं नाही, मशीन पुढे जाताना अडवतात त्या मागे खेचणाऱ्या दोनच, आणि त्याही तिरप्या असतात म्हणून पूर्ण ओढ हातात येत नाही. उरलेलं काम घर्षण आणि ठोकळे करतात. मोठ्या मशीनला आम्ही सरळ १० एमएम काढतो, तिची ६३०० डेकान्यूटन असते.

आणि बेल्ट. ५० एमएमच्या रॅचेट बेल्टवर २५०० डेकान्यूटन लिहिलेलं बघून लोक खूश होतात, पण त्याच लेबलवर दुसरा आकडा असतो, हाताने रॅचेट ताणून किती दाब येतो त्याचा, आणि तो काहीशेच्या घरात असतो. वरून बेल्ट टाकून दाबणं म्हणजे त्या काहीशेवर सगळा भरवसा. म्हणून जड मशीन आम्ही वरून दाबत नाही, कोपऱ्यांना थेट बांधतो.

घर्षणाचं म्हटलं तर चिखल हा खरा शत्रू. टायरला शेतातली माती तशीच, खाली डेकवर सांडलेलं ऑइल, की मग चेन एकट्या पडतात. आमचे जुने ड्रायव्हर, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते टायर धुतल्याशिवाय रॅम्प खाली टाकत नाहीत, मालक कितीही घाई करू दे. चाकाखाली रबर मॅट ही मामांचीच जिद्द. हुक कुठे अडकवायचा यावरही ते बोलू देत नाहीत, मशीनवर हुकचं चित्र असतं तिथे किंवा एक्सलला अडकवायचा, स्टीअरिंगच्या दांड्याला, हायड्रॉलिकच्या सिलिंडरला किंवा पायरीला नाही. उचललेलं अवजार खाली लाकडावर टेकवायचं, हायड्रॉलिकच्या भरवशावर लटकत ठेवायचं नाही. मधून वळणारी मशीन असेल तर सांध्याचा लॉक लावायचा.

निघाल्यावर थोड्या अंतरावर पहिला थांबा ठरलेला. हादऱ्यांनी टायर बसतात, चेन ढिली होते, पुन्हा आवळावी लागते. चेन आवळायचे लिव्हरवाले बाइंडर आम्ही कधीच काढून टाकले, पाइप घालून ओढताना लिव्हर उलटून तोंडावर येते. आता सगळे रॅचेटवाले.

नंतर दुसरा ट्रेलर आला, हार्वेस्टरच्या हेडरसाठी, म्हणजे पुढे लावलेल्या रुंद कापणीच्या भागासाठी, वेगळी छोटी ट्रॉली आली, कारण हेडर लावून नेणं म्हणजे रुंदीचा नवा ताप. काही कामं सोडावीही लागली. एका पार्टीला हेडर न काढता, रात्रीत, तेही कमी पैशात न्यायचं होतं, आम्ही नाही म्हटलं, ते चिडले, दुसऱ्याकडे गेले. धंद्यात असं चालायचंच.

फोन करताना मॉडेल, हेडर लावलेलं आहे का, टाकी रिकामी आहे का आणि मशीन स्वतः चालतं का एवढं सांगा. चालत नसेल तर विंच (दोराने ओढून वर घेणारं यंत्र) घेऊन येतो, आणि उंची ट्रेलरवर चढवल्यानंतर आमची आम्ही मोजतो.