अण्णांचा हिशोब चुकला तेव्हा

गेल्या संकष्टीची गोष्ट. अण्णांनी (माझे वडील, वय ७४) सकाळी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं आणि वर उपास धरला, म्हणजे पोटात फक्त बिनसाखरेचा चहा, आणि तसेच चालत गणपतीच्या देवळात जाऊन आले. अकराच्या सुमाराला दुधाचा हिशोब करायला बसले तर ३० दिवसांचं रोज दीड लिटरनं किती होतं हेच जमेना! सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर ३५ वर्षं दिवाणजी होता हा माणूस, कॅल्क्युलेटरला कधी हात लावला नाही. बनियन घामानं चिंब, हात थरथरतायत आणि काय होतंय विचारलं तर माझ्यावरच खेकसले. ग्लुकोमीटरवर बघितलं तर रक्तातली साखर ४८, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली (शुद्धीत होते म्हणून, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा), पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८१. आणि अण्णा म्हणतात, "पंचेचाळीस लिटर. त्यात काय एवढं."

संध्याकाळी मात्र त्यांनी विचारलं, "इन्सुलिन तर घेतलेलं, मग साखर डोक्यात का गेली नाही?" खरं सांगायचं तर मलाही उत्तर येत नव्हतं, मग दोन-तीन रात्री वाचत बसले.

तर मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण शरीराची ऊर्जा खातो जवळजवळ २० टक्के, दिवसाला १००-१२० ग्रॅम ग्लुकोज. आणि साठा म्हणाल तर नावापुरता. म्हणजे सतत रक्तातून पुरवठा हवा. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर ठिकाणच्यासारख्या नाहीत, तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. ऑक्सिजन, दारू असल्या गोष्टी पेशीच्या तेलकट पडद्यातून आरपार जातात (दारू लगेच चढते ती त्यामुळंच), पण ग्लुकोज पडलं पाण्यात विरघळणारं, त्याला तो पडदा ओलांडता येत नाही.

त्याच्यासाठी पडद्यात एक प्रोटीन बसवलेलं असतं, ग्लुट-१. ते रक्ताच्या बाजूला उघडतं, ग्लुकोजचा एक रेणू आत घेतं, मग तिकडून मिटतं आणि दुसऱ्या बाजूला उघडतं. दोन्हीकडं एकदम कधीच उघडं नसतं. पेशीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही पडद्यांत ही दारं असतात, म्हणजे ग्लुकोजला दोनदा ओलांडावं लागतं. पुढं न्यूरॉनवर ग्लुट-३ नावाचं वेगळं दार, ते कमी साखरेतही ओढून घेण्यात जास्त तरबेज.

आता खरी गंमत. या दारांना इन्सुलिन लागतच नाही! आणि ती स्वतः ताकद लावून ओढत पण नाहीत, जिकडं जास्त तिकडून जिकडं कमी तिकडं साखर आपोआप सरकते, बास. इन्सुलिन लागतं ते स्नायू आणि चरबीला, तिथली ग्लुट-४ नावाची दारं इन्सुलिन आलं की पृष्ठभागावर येतात. शिवाय इन्सुलिन लिव्हरला पण सांगतं की साखर बाहेर सोडू नको. म्हणजे अण्णांनी पोट रिकामं ठेवून इन्सुलिन घेतलं, वर चालून आले, तर रक्तातली साखर स्नायूंनी उचलली, लिव्हर गप्प आणि मेंदूची दारं उघडझाप करतायत पण रक्तातच माल नाही. एरवी ही दारं गरजेपेक्षा जास्त साखर नेऊ शकतात म्हणून थोड्याफार चढउतारानं फरक पडत नाही, पण साधारण ५४ च्या खाली गेलं की डोकं चालेनासं होतं.

हे सगळं मी पंधरा मिनिटं हातवारे करून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आवकच नव्हती म्हण की. गेट उघडं असून काय उपयोग."

डॉक्टरांनी बजावलंय, उपास धरायच्या आधी डोसचं विचारायचं. मी ग्लुकोज पावडरचा पुडा आणून दिला, तो कपाटात पडलाय. खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा असतो.