५० मिनिटांच्या क्लासमधली ३८ मिनिटं मीच बोलत होते

रविवार, रात्री साडेअकरा

आज शेजारचे माग लवकर थांबले म्हणून लिहायला बसलेय. एरवी या वेळेला भिंतीपलीकडून खटखट चालूच असते. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तिची सवय कुणाला लावून घ्यावी लागत नाही, जन्मापासून असते, पण माइकला ती नाही ना, म्हणून क्लासच्या खोलीत मी भिंतीला दोन जुन्या जेकार्ड चादरी टांगल्यात. आवाज बराच कमी होतो, आणि मागं डिझाइन पण छान दिसतं, दोघातिघांनी विचारलंय कुठून घेतल्या म्हणून.

तर मुद्द्याचं. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या क्लासचं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. दोन वर्षं झाली ऑनलाइन मराठी शिकवतेय, दर क्लासनंतर रेकॉर्डिंग विद्यार्थ्याला पाठवते, पण स्वतः कधी ऐकलं नव्हतं, वेळ नाही म्हणायचे, खरं म्हणजे भीती वाटत होती. विद्यार्थिनी मूळची चेन्नईची, नवरा सोलापूरचा, दोघं नोकरीला जर्मनीत. तिला सासूबाईंशी बोलायचंय. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, बाकी काही नाही, पहिल्याच दिवशी तिनं हे स्पष्ट सांगितलं होतं.

वही घेतली, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं, मी बोलायला लागले की चालू, ती बोलायला लागली की बंद. ५० मिनिटांच्या क्लासमध्ये माझी ३८ मिनिटं निघाली. तिची जेमतेम सात-आठ, बाकी शांतता आणि नेटची घरघर.

पण आकड्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. त्या दिवशी 'आम्ही' आणि 'आपण' होतं. इंग्रजीत दोन्हीला 'वी', हिंदीत दोन्हीला 'हम', म्हणून हा भाग मी नेहमी फार सावकाश समजावते, की ऐकणाऱ्याला धरून बोललो तर आपण, सोडून बोललो तर आम्ही, 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं तर तू घरीच आणि 'आपण चाललोय' म्हटलं की तू पण चप्पल घाल. हे सगळं मी सांगतेय आणि सहाव्या मिनिटाला ती हळूच म्हणते, "नांगळ्, नाम्." मी काय केलं, "हां हां, आता पुढं ऐक" म्हणून दुसरं उदाहरण सुरू. तेराव्या मिनिटाला तिनं परत तेच दोन शब्द म्हटले, मी परत पुढं गेले. मग ती गप्प झाली आणि मान हलवत राहिली.

तमिळमध्ये हा फरक आहेच. ऐकणाऱ्याला सोडून नांगळ्, धरून नाम्. ती मला सांगत होती की मला हे येतं, माझ्या आईच्या भाषेत आहे, आणि मी तिला तेच वीस मिनिटं इंग्रजीतून समजावत बसले. आणि मला तर हे कळायलाच पाहिजे होतं, कारण तेलुगूत पण तसंच आहे, मेमु आणि मनमु, आमच्या गल्लीत सकाळपासून कानावर पडतं, लहानपणी शेजारच्या आजी आम्हा पोरांना घेऊन देवळात निघाल्या की 'मनमु' म्हणायच्या, तेव्हा आम्ही पण त्यात आहोत हे आम्हाला न शिकवता कळायचं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शोधून वाचलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं पण बोलायला लागतात. त्या विज्ञानाच्या वर्गांवर काम करत होत्या पण मला ते आपलंच वाटलं. तेव्हापासून प्रश्न विचारला की टेबलाखाली बोटं दुमडते, एक, दोन, तीन. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण व्हिडिओ कॉलवर समोरचा चेहरा बघत थांबणं फार अवघड आहे, वाटतं नेटच गेलं की काय. पहिल्या आठवड्यात दोनदा मी मध्येच तोंड उघडलं. आता जमतंय. गेल्या मंगळवारी मी थांबले आणि ती सलग सहा वाक्यं बोलली, चुका झाल्या, 'मी भाजी आणला' म्हणाली, मी मध्ये टोकलं नाही, शेवटी फक्त "अच्छा, भाजी आणलीस?" एवढंच म्हटलं आणि तिनं स्वतःच "आणली, भाजी आणली" केलं.

दुसरी गोष्ट लिहायला जरा जड जातंय. तिनं त्याच सुमाराला हिंमत करून सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंनी प्रेमानं विचारलं, "काय करूलालीस गं?" आणि हिला काही कळेना, फोन नवऱ्याकडे दिला. मी तीन महिने तिला 'काय करत आहेस' शिकवलं होतं. अरे मी स्वतः घरात 'करूलालीस' बोलते! आई, आत्या, भाजीवाल्या मावशी, सगळ्याच. पण क्लासची खुर्ची आली की माझी जीभ बदलते, कारण शिक्षणाच्या कोर्सला बाहेरगावी होते तेव्हा माझ्या बोलण्याला वर्गात हसले होते, ते मी इतकं मनाला लावून घेतलं की माझी भाषा शिकवण्याच्या लायकीची नाही असंच धरून चालले.

आता सासूबाईंनाच सामील करून घेतलंय. त्यांच्या मुलाकरवी विचारलं, त्या खूश झाल्या, दर आठवड्याला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवतात. पहिला शेंगा चटणीचा होता, "कुटूलाले बघ, मिक्सरची नको वाटतीया, तेल सुटत नाही त्याच्यात." एवढ्या एका वाक्यावर आमचे दोन क्लास गेले. वहीत दोन रकाने केलेत, एकीकडे सासूबाई म्हणतात ते, दुसरीकडे पेपरात येतं ते. 'कुटूलाले' आणि 'कुटते आहे'. दोन्ही मराठी, दोन्ही यायला पाहिजेत, फक्त फोनवर आधी कुठली लागणार ते बघून शिकवायचं.

परवा भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक दिसलं. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर हा आपला सोलापूरचा माणूस चीनला गेला, तिशीच्या आत, आणि तिथं राहून चिनी शिकला. लहानपणापासून शाळेत ऐकलंय हे, पण भाषेच्या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. समोर जखमी सैनिक, त्याला कुठं दुखतंय ते विचारायचंय, आणि तो सांगेल त्याच्याच बोलीत. दारात पाच मिनिटं थांबले, मग बस आली.

आता धंद्याचं, कारण भाषेवर प्रेम असलं तरी लाइटबिल येतंच. सुरुवातीला मी एका ट्युशनच्या प्लॅटफॉर्मवर होते, तिथं रेट कमी केला की नाव वर दिसतं म्हणून कमी करत करत तासाला २५० वर आले, आणि येणारे बहुतेक ट्रायल घेऊन गायब. ते सोडलं. स्वतःचं पेज केलं, त्यावर काय नव्हतं, सर्व वयोगट, सर्व लेव्हल, दहावी मराठी, स्पोकन इंग्लिश, स्पर्धा परीक्षा व्याकरण. कोण वाचणार? गेल्या पंधरवड्यात सगळं पुसून एकच ठेवलं, 'लग्न करून मराठी घरात आलेल्यांसाठी बोलायची मराठी, १२ आठवडे'. दहावीची बॅच सोडताना घरात वाद झाला, सासरे म्हणाले हातातलं कशाला सोडतेस, त्यांचं चूक नव्हतं, महिन्याचे ठरलेले पैसे होते ते. पण दहावीच्या मुलांना शिकवून दमल्यावर रात्री क्लासला बसले की मीच बोलत सुटते, ऐकायला डोकंच शिल्लक राहत नाही, हे मला रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ दिसलंय.

बदल केल्यापासून तीन चौकशा आल्या. दोन माझ्या त्या चेन्नईच्या विद्यार्थिनीनंच पाठवल्यात, तिच्या तिकडच्या मैत्रिणी, एक केरळची आणि एक जर्मनच. जाहिरातीवर मी मागं पाच हजार घातले होते त्यातून एकही टिकला नव्हता. आता १० क्लासचे पैसे आधी, २४ तास आधी कळवलं तर क्लास पुढं ढकलायचा, नाहीतर तो धरला जाणार. हे सांगताना पहिल्यांदा आवाज कापला होता माझा. समोरची "ओके" म्हणाली आणि पैसे भरले.

आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, जर्मनीची घड्याळं एक तास मागं गेली, म्हणजे साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. ती ऑफिसातून तिकडच्या साडेपाचला येते, तर उद्यापासून आमचा क्लास नऊ ऐवजी दहाला. तिला मेसेज टाकलाय. तिनं मराठीत उत्तर पाठवलं, "चालेल, मी आता भात करूलाले."

उद्या दुपारी आत्याकडे जाऊन दोन-तीन व्हॉइस रेकॉर्ड करायचेत, केरळच्या मुलीसाठी. तिची सासू बार्शीकडची आहे, आत्या पण तिकडचीच.