तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं मंडळ-बिंडळ

वाचनालयाचा वर्धापनदिन असो नाहीतर कॉलनीतल्या भिशीच्या गप्पा, कार्यक्रम संपून चहा-वडा हातात आला की दोन प्रश्न येतातच. पहिला, "तुम्हाला एवढे खून सुचतात कसे?" त्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: एकत्र कुटुंबात वाढले. लोक हसतात, विषय मिटतो. दुसरा प्रश्न मात्र इतक्या सहज मिटत नाही. "कवींचं असतं तसं तुमचं रहस्यकथावाल्यांचं काही मंडळ-बिंडळ असतं का हो? की आपापल्या घरी बसून एकेकट्याच मारता?"

मागच्या महिन्यात एका आजोबांनी हेच विचारलं. बाहेर रिक्षा थांबली होती. मी थातुरमातुर काहीतरी बोलून निघाले. ते आता नीट सांगते.

मंडळ आहे, पण लंडनला. 1930 साली तिथल्या रहस्यकथा लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला, पहिले अध्यक्ष फादर ब्राऊनच्या रहस्यकथा लिहिणारे चेस्टरटन. नव्या सभासदाला कवटीच्या साक्षीनं शपथ घ्यावी लागे. त्या कवटीचं नाव एरिक. शपथेत काय, तर आपला डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, योगायोग, 'बायकांची अंतःप्रेरणा' असल्या कशावरही विसंबणार नाही. (अंतःप्रेरणेचं कलम वाचून मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.) महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, हेही त्यात होतं. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते दुसरंच: दुसऱ्या सभासदानं छापण्याआधी सांगितलेलं कथानक चोरणार नाही आणि फोडणार नाही, प्यायलेलो असलो तरी. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या धंद्याची दुखरी नस नेमकी ओळखली होती. त्याकडे मी येतेच.

अमेरिकेतल्यांची संघटना 1945 ची. त्यांचं घोषवाक्य मराठीत आणलं तर असं होईल: 'गुन्ह्यातून पैसा मिळत नाही... पुरेसा!' हे मात्र नाशिकलाही तंतोतंत लागू पडतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला मानधन पाडव्यापर्यंत नक्की देतो म्हणून सांगितलं होतं. दिवाळीचा पाडवा गेला तेव्हा कळलं, त्यांच्या मनात गुढीपाडवा होता.

मराठीत कवटीही नाही आणि शपथही नाही. आमच्या थोरल्यांना सभा भरवायला सवड कुठली? बाबुराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाणांनी, हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या बाराशेच्या घरात. महिन्याला चार-चार, सहा-सहा पुस्तकं हातावेगळी करणारा माणूस संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला कधी जाणार? सुहास शिरवळकरांना आज लोक 'दुनियादारी'साठी ओळखतात. त्यांच्या रहस्यकथांचे नायक दारा बुलंद आणि अमर विश्वास कोण, हे विचारलं तर पन्नाशीच्या अलीकडचे चेहरे कोरे दिसतात.

माझ्या लहानपणी सिन्नरला एक काका सायकलच्या हँडलला दोन पिशव्या अडकवून घरोघर पुस्तकं द्यायचे. एका पिशवीत बायकांची मासिकं, दुसरीत अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळापहाड. पुस्तक एका रात्रीत संपवायचं, कारण उद्या ते बर्वेवाड्यात जायचं. आमच्या आधी ते ज्याच्याकडे जाई त्या घरात एक दुष्ट माणूस राहत होता. पाचव्या-सहाव्या पानावर, समासात, शिसपेन्सिलीनं तो बारीक अक्षरात लिहून ठेवी: 'खुनी = दिवाणजी'. मी खोडरबर घेऊनच पुस्तक उघडायची, पण खोडायला आधी वाचावं लागतंच ना. तो कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं न सुटलेलं रहस्य तेच.

आता मुद्द्याचं. कवी कविता लिहून झाली की कुणालाही ऐकवतो. ऐकणाऱ्याचं काही जात नाही (वेळ सोडून). मी काय लिहितेय ते मी कुणालाही सांगू शकत नाही. सांगितलं की तो माणूस वाचक म्हणून गेला. पहिल्या कादंबरीच्या वेळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, वाळत घातलेले कपडे काढता काढता. पुस्तक आलं तेव्हा त्यानं ते प्रेमानं वाचलं, कौतुकही केलं, पण ज्याला खुनी ठाऊक आहे त्याच्या वाचण्यात तो 'आँ?' कुठून येणार? दुसऱ्या कादंबरीपासून मी गप्प राहिले. घरात आठ महिने माझ्या डोक्यात प्रेत आणि तोंडाला कुलूप. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही हल्ली कसला तरी विचार करता." मी म्हटलं, गॅसचा नंबर लावायचाय.

पण एकटीनं कथानक तपासता येत नाही. आपण रचलेला चकवा आपल्याला चकवत नाही. कुणाला तरी सांगून "यात भोक कुठंय?" विचारावंच लागतं. म्हणजे प्रत्येक पुस्तकाला एक वाचक जाळावा लागतो. आमचं मंडळ म्हणाल तर ते एवढंच: एकमेकांसाठी जळायला तयार असलेली चार माणसं. एक डोंबिवलीची बाई, एक कोल्हापूरकर, एक निवृत्त सरकारी डॉक्टर आणि मी. चौघं एका जागी फक्त दोनदा भेटलोय, तेही एकदा मयताला. बाकी सगळं फोनवर.

डॉक्टरांचं एक सांगते. माझी एक कादंबरी जळगावची आहे. छापून सहा वर्षं झाली, त्यामुळे सांगायला हरकत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जा. मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या गोदामात एका व्यापाऱ्याचा खून होतो. मी आयुष्यभर वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांवरून हिशेब लावला होता: मेल्यावर अंगाला येणारी ताठरता जबड्यापासून सुरू, तीन-चार तास, अंग तासातासाला गार होत जाणार, म्हणून मृत्यूची वेळ अमुक, म्हणून पुतण्या सुटला. डॉक्टरांना चाळीस पानं पाठवली. रात्री फोन.

"ताई, जळगाव म्हणालात ना?"

"हो."

"मे महिना. बाहेर चव्वेचाळीस. पत्र्याखाली त्याहून जास्त. माणसाच्या अंगात सदतीस. प्रेत गार कसं हो होणार तुमचं? तापेल ते!"

मग त्यांनी अर्धा तास शिकवणी घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात तास-दोन तासांतच अंग ताठायला लागतं आणि सुटतंही लवकर. थंड देशातलं वेळापत्रक इथं लावलं तर खुनी सुटून भलताच फासावर जाईल. माझी चाळीस पानं पाण्यात गेली. मी रडवेली झाले, तर ते म्हणाले, "थांबा, जळगाव आहे ना? मग केळी असतीलच." केळी पिकवायच्या थंड खोल्या तिथं गावोगाव. प्रेत काही तास त्या खोलीत ठेवलं तर अंग लवकर गार होतं, पण ताठरता मात्र मागे पडते. दोन घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवायला लागतात. एक म्हणतं मरून बराच वेळ झाला, दुसरं म्हणतं आत्ताच. तपास करणाऱ्याला तेवढी विसंगती पुरते. अख्खी कादंबरी त्या एका फोनवर उभी आहे. अर्पणपत्रिका डॉक्टरांच्या नावे आहे. पुस्तक पोचल्यावर त्यांचा निरोप आला: 'मिळालं. मुद्रणदोष सतरा.' दुसरं वाचण्यासारखं त्यांच्यासाठी त्यात उरलंच काय होतं?

पोलीस हे आमच्या मंडळाचे मानद सभासद, त्यांना ते माहीत नसलं तरी. पहिल्यांदा मी ठाण्यात गेले तेव्हा ओळख करून दिली, "मी रायटर आहे." ठाणे अंमलदारांनी मान वर न करता विचारलं, "कुठल्या साहेबांच्या?" त्यांच्या भाषेत रायटर म्हणजे साहेबांचे कागद लिहिणारा अंमलदार. जबाब, पंचनामे, रिमांडचा कागद, सगळं त्याच्या हातचं. खुलासा झाल्यावर चहा आला. खरा रायटर शेजारीच बसला होता. त्यानं माझं एक प्रकरण चाळलं आणि फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा फौजदार गाडी चांगली चालवतो. पण हा कागद कधी करतो?" तेव्हापासून माझ्या फौजदाराच्या मागे एक कुरकुरणारा रायटर आहे. वाचकांची पत्रं आता त्यालाच जास्त येतात.

1 जुलै 2024 ला तर आमच्या फोनांची घंटाच थांबेना. भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम 302 वरून 103 वर गेलं. तुम्हाला वाटेल, आकडा बदलला, त्यात काय? अहो, 'तीनशे दोन लागेल तुला!' या वाक्यावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. 'एकशे तीन लागेल' म्हटलं तर ताप आल्यासारखं वाटतं. शिवाय नव्या संहितेत 302 आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं. कोल्हापूरकराची कादंबरी तेव्हा अर्धी झाली होती. त्यानं सरळ कथेतला खून मागे ओढून मे महिन्यात नेला, कारण गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा, तोच लागणार. एका आकड्यासाठी त्याला पहिल्या प्रकरणातला पाऊस काढावा लागला. पावसात उमटलेले पायाचे ठसेही गेले. मग ठशांवरून पकडलेला माणूसही गेला. आठ दिवस तो फोनवर नुसते सुस्कारे टाकत होता.

त्याच वेळी झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. डोंबिवलीकरीण हळहळली, "पंच फितूर झाला हे आता लिहायचं कसं?" पंच म्हणजे झडतीचा साक्षीदार, आणि आमच्या कोर्टातल्या निम्म्या प्रकरणांचा डोलारा अशा फितूर पंचावर असतो. दोन दिवसांनी तिचाच फोन, आवाजात आनंद. "अगं, मोबाईलची बॅटरी जाऊ शकते की!"

जून लागला की मात्र फोन कमी होतात, कारण सगळ्यांना दिवाळी अंकांचं असतं. 'धनंजय' आणि 'नवल' हे रहस्य-गूढाला हक्कानं जागा देणारे अंक, तिथं जायचं म्हणजे आपापली कथा घट्ट झाकून ठेवायची. मंडळ असलं तरी त्या दोन महिन्यांत आम्ही भाऊबंद असतो, म्हणजे बोलणं कमी आणि लक्ष जास्त. एकदा डोंबिवलीकरणीची आणि माझी कथा एकाच दिवाळीत, वेगवेगळ्या अंकांत, लोणच्याच्या बरणीतून विष घातलेली निघाली. कुणी कुणाची चोरली नव्हती. दोघी त्याच एप्रिलमध्ये लोणचं घालत होतो, एवढंच.

हल्ली ऐकायच्या पुस्तकांचं कामही येतं. ते आम्ही चौघंही सगळ्यात वाईट करतो. वाचणारा पान उलटून मागे जाऊ शकतो. ऐकणारी बाई मेथी निवडत असते. तिला 'तिसऱ्या प्रकरणातली ती किल्ली' आठवावी म्हणून किल्ली दोनदा दाखवावी लागते आणि दोनदा दाखवली की रहस्यच फुटतं. यावर आमचं अजून एकमत नाही. डॉक्टर म्हणतात, किल्लीचा आवाज करा. बघू.

आजोबा, रिक्षा थांबली नसती तर मी तुम्हाला कालचंही सांगितलं असतं. तेव्हा ते घडलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. कोल्हापूरकराची एक मालिका आहे. तिचा शेवटचा भाग तो तीन वर्षं लिहितोय. हा एक भाग मी कुणाची मदतनीस म्हणून नाही, नुसती वाचक म्हणून वाचणार, असं त्याला बजावून ठेवलंय. दिवाळीत पलंगावर पाय पसरून, चकलीचा डबा शेजारी घेऊन. त्यालाही ते मान्य होतं, इतके दिवस त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

काल संध्याकाळी फोन आला. आधी प्रकृती विचारली, मग पाऊस, मग नातीची शाळा. मी भाजी फोडणीला टाकत होते.

"वहिनी, खोली आतून बंद आहे," तो म्हणाला, "आणि मला बाहेर पडता येईना."

"डॉक्टरांना विचार की."

"विचारलं. ते म्हणाले, खिडकीचं त्यांना जमत नाही. वहिनींना विचार."

मी काहीच बोलले नाही. तोही नाही. कढईत मोहरी तडतडत होती, ती त्याला ऐकू जात असणार.

"राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही वाचणार होतात."

"थांब जरा," मी म्हटलं. "गॅस बंद करून येते."