चंद्राला खळं पडलं होतं

जानेवारीचा शेवटचा आठवडा. उत्तराखंडातल्या मंडल गावी मुक्कामाला होतो. रात्री जेवून हात धुवायला अंगणात आलो, तर चंद्राला हे एवढं मोठं खळं पडलेलं. कोकणात आमची आजी खळं बघितलं की अंगणातली लाकडं पडवीत घ्यायला लावायची. खूप उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे कण असले की असं खळं दिसतं, आणि हिवाळ्यात हिमालयात ती बहुतेक वेळा पश्चिमी झंझावाताची, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या हवामानाची वर्दी असते.

हवामान खात्याचा अंदाज होता, उद्या संध्याकाळपासून 2500 मीटरच्या वर हिमवर्षाव. मंडल 1500 मीटरच्या आसपास, उद्या जायचं ते चोपता 2700च्या. म्हणजे ती रेघ नेमकी आमच्या रस्त्यावरून जात होती. घरमालक भैजींना विचारलं. ते म्हणाले, "शाम तक नहीं रुकेगा. दोपहर को ही आ जाएगा." दोन दिवसांपासून वरच्या रानातले गुलाबी फिंच पक्षी त्यांच्या शेताच्या बांधावर उतरत होते.

माझ्यासोबत पक्षी बघायला आलेले पुण्या-नाशिकचे आठ जण होते. त्यातल्या एका काकांचं वय 71. मोनाल, म्हणजे हिमालयातला रंगीबेरंगी कोंबडीवर्गीय पक्षी, बघायचा म्हणून पाच वर्षं थांबलेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आधी जिना चढायचा सराव केला आणि मगच नाव नोंदवलं. बेत रद्द करायचा धीर मला झाला नाही. पहाटे पाचला निघायचं, बर्फ पडो न पडो, एकच्या आत गाडी खालच्या दिशेला वळवायची, असं रात्रीच सगळ्यांना सांगितलं.

कांचुला खरकच्या पुढे रस्त्यावर पाला होता. पाला म्हणजे डांबरावर धरलेला काचेसारखा बर्फ. दिसत नाही, चाक घसरलं की कळतो. चालकाने गाडी जवळजवळ पायी चालीने नेली. चोपत्याला तुंगनाथच्या वाटेवर दोन तास बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) रानात फिरलो. कावळ्याच्या कुळातले काळ्या डोक्याचे 'जे' पक्षी दिसले, हिमकबुतरांचा थवा डोक्यावरून गेला. मोनालची एकच शीळ दरीतून आली, पक्षी नाही. साडेअकराला सूर्याभोवतीही खळं दिसायला लागलं आणि वारा एकदम पडला. मी म्हटलं, "चला, खाली." काका काही बोलले नाहीत. काठी उचलली आणि सगळ्यांच्या आधी चालायला लागले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचं मला फार वाईट वाटलं.

गाडी चारेक किलोमीटर उतरली असेल. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर जुना बर्फ वितळून गवताचा एक तुकडा उघडा पडला होता. चालकानेच हळूच ब्रेक दाबला. मोनालची मादी. नर दिसला असता तर नऊ रंगांचं वर्णन केलं असतं. ही तपकिरी, गळा पांढरा, डोळ्याभोवती निळसर कातडी. रस्त्यापासून दहा पावलांवर. चोचीने माती खणत होती. दोन घाव, मग मान बाजूला करून ढेकूळ फेकायचं, पुन्हा दोन घाव. मुळाचा पांढरा तुकडा चोचीत आला, तो गिळला, की परत खणणं. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. हवेचा दाब उतरू लागला की पाखरं अन्नावर तुटून पडतात, हे मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो होतो. इतक्या जवळून बघत होतो पहिल्यांदाच.

काकांनी दुर्बीण खाली ठेवली. दुर्बिणीची गरजच नव्हती. तेवढ्यात तिच्या पाठीवर पहिला हिमकण पडला, मग चार, मग मोजता येईनात. पिसांवर ते वितळत नव्हते. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"सर, दोन मिनिटं," काका म्हणाले.

मी घड्याळ बघून दोनच मिनिटं दिली. खरं सांगायचं तर तीही द्यायला नको होती. पुढच्या वळणावर मागचं चाक हातभर सरकलं आणि गाडीत कुणाचा श्वास ऐकू येईना. 2000 मीटरच्या खाली उतरल्यावर काचेवरच्या बर्फाचा पाऊस झाला. मंडलला पोचेपर्यंत मुसळधार.

रात्रभर पडत होता. सकाळी उघाडीला बघितलं तर गावाच्या वर, बांजाच्या (ओकच्या) रानात, पांढरी रेघ आखल्यासारखी सरळ होती. खाली भैजींच्या अंगणात फिंचांचा थवा उतरला होता, आणि काका पायरीवर घोंगडी पांघरून बोटांवर मोजत होते. सत्तेचाळीसपर्यंत आले होते.