कमाटी बागेतल्या देवमाशाचा हात

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत लिहिताना सर्वप्रथम शास्त्राच्या बाईंचे ऋण नोंदवावेसे वाटते. आज पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी जे शरीररचनाशास्त्र शिकवतो, त्याचा पहिला धडा त्यांनी आम्हांला कमाटी बागेतल्या संग्रहालयात दिला. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली तो देवमासा मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. बडोद्यातले प्रत्येक मूल त्याचा आकार पाहून थक्क होते आणि पुढच्या दालनात जाते. बाईंनी आम्हांला तेथेच थांबवले आणि म्हणाल्या, "याचा हात शोधा."

देवमाशाचा वल्ह्यासारखा पर हाडांनिशी पाहिला, की खांद्याशी आखूड, जाडजूड दंडाचे हाड दिसते, त्यापुढे मनगटापर्यंत जाणारी दोन लांब, चपटी हाडे, मग मनगट आणि शेवटी बोटे. म्हणजे माणसाच्या किंवा वटवाघळाच्या हातात असतो तोच क्रम. फरक आहे तो प्रमाणात आणि सांध्यांत. कोपर वाकत नाही, बोटे चारच असतात, पण आपल्या तर्जनीला तीन पेरे असताना येथे मधल्या बोटांना त्याहून पुष्कळ अधिक असतात, आणि त्यामुळेच पर लांब होऊनही आतली मांडणी बदलत नाही. माशाच्या परात असे काही सापडत नाही.

मानेचेही तसेच. माणूस, जिराफ आणि देवमासा या तिघांच्या मानेत मणके सातच. देवमाशाचे ते इतके पातळ, की मान आहे हे बाहेरून कळतही नाही. राइट जातीच्या देवमाशांत ते एकमेकांना जुळून गेलेले असतात, तर चंबळेत आणि गंगेत राहणाऱ्या सूस या डॉल्फिनचे मणके सुटे असल्याने तो मान सहज वळवतो. गढूळ पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यात भिंगच नसते. तो आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतो. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर घोषित करण्यात आले, याचे मला फार समाधान वाटते.

मासा शेपूट डावीउजवीकडे हलवतो, देवमासा वरखाली. चौखूर धावणाऱ्या जनावराचा कणा जसा वाकतो आणि ताठ होतो, तीच हालचाल समुद्रात गेलेल्या वंशाने पोहण्यासाठी वापरली. मागचे पाय मात्र गेले. कटिभागात कण्याशी न जोडलेली दोन लहान हाडे तेवढी उरली, आणि तीही निरुपयोगी नाहीत, कारण जननेंद्रियांचे स्नायू त्यांना जोडलेले असतात. हे पाय कसे गेले, याचा पुरावा आपल्या गुजरातेतच आहे. कच्छमध्ये सापडलेल्या आणि २००० साली नामकरण झालेल्या 'कच्छिसीटस' या चार कोटी वर्षांहूनही जुन्या देवमाशाला आखूड पाय आणि लांब शेपूट होती.

कच्छच्याच आखातात डुगाँग हा समुद्रातला सस्तन प्राणी आहे. त्याची शेपटी देवमाशासारखी दुभंगलेली, पण वंश हत्तीच्या जवळचा. मादीची स्तनाग्रेही हत्तिणीप्रमाणे पुढच्या पायांपाशी असतात. त्याच्या बरगड्या भरीव आणि जड असतात, त्यामुळे उथळ पाण्यात तळाचे गवत चरताना तो वर तरंगत नाही. दोन वेगळ्या घराण्यांनी एकाच पाण्यात एकच आकार घेतला, आणि तरीही हाडे आपापले कूळ सांगत राहिली, याहून सुंदर गोष्ट मी शास्त्रात क्वचितच पाहिली आहे.

माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या निधीसंबंधी विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे डुगाँगचे किंवा सूसचे हाड शाळेत परवानगीविना ठेवता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु म्हशीचा, शेळीचा आणि कुत्र्याचा पुढचा पाय, नीट स्वच्छ करून व हाडांना क्रमांक देऊन, प्रयोगशाळेत जरूर ठेवता येईल. स्वच्छ करण्याचे आणि मांडणीचे काम मी स्वतः करून देईन. आठवीच्या मुलांनी ती हाडे आधी हाताळावीत आणि मगच त्यांना कमाटी बागेत न्यावे.