रद्दीतले हेर

खुर्चीला बांधलेल्या नायकाला खलनायक सरळ गोळी का घालत नाही, हे जुन्या हेरकथेला विचारायचं नसतं. त्याला आधी आपला कट पाल्हाळ लावून सांगायचा असतो, आणि तोवर इकडे दोरी सुटलेली असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार किंवा काळापहाड जिवानिशी सुटणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक. सुटतो कसा, एवढ्यासाठी पानं उलटायची.

शस्त्रांच्या बाबतीत तर आनंदीआनंद. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावला की ‘फट्’ एवढाच आवाज, हे हमखास येतं. वास्तविक गोळ्यांचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते. आवाज तिथूनच निसटतो, मग नळीच्या तोंडाला काहीही लावा. (अपवाद १८९५ सालच्या रशियन ‘नागां’ रिव्हॉल्व्हरचा. घोडा चढवला की तिचं चक्र पुढे सरकून फट बुजवतं.) इयान फ्लेमिंगला १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या जाणकार वाचकाने बाँडच्या बेरेटा पिस्तुलाबद्दल पत्रातून सुनावलं. १९५८च्या कादंबरीत बाँडकडे वाल्थर पीपीके आलं, आणि त्यातल्या शस्त्रतज्ज्ञाचं नाव चक्क बूथरॉइड! पण या कथांनी फार सुधारू नये.

आता खरेदी. फोर्ट किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर इंग्रजी हेरकथा शोधाव्यात. मराठीसाठी रद्दीवाल्याला सांगून ठेवलेलं बरं. पुस्तक हातात आलं की मागून तपासा. कव्हर फक्त पाठीला खळीने चिकटवलेलं असतं, ते सुटताना शेवटची पानं सोबत घेऊन जातं. म्हणजे नेमका खुनी कोण तेच गायब. मग फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, बघा. फर्मा १६ पानांचा असेल तर १७, ३३, ४९ या पानांच्या तळाशी बऱ्याचदा बारीक टाइपात फर्म्याचा आकडा असतो. मधला एक आकडा सापडला नाही तर १६ पानं गेली. आकड्याशेजारी नावाची आद्याक्षरंही असली तर कव्हरशी ताडून पाहा; भलत्याच पुस्तकाला चिकटवलेलं कव्हर तिथे पकडता येतं.

साल छापलेलं नसेल तर किंमत वाचा. आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘न. पै.’ (नये पैसे) म्हणजे १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून पैशाआधीचा ‘नया’ गेला. प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘मुंबई ४’ असेल तर ते बहुतेक १९७२ च्या आधीचं. पिनकोड त्या वर्षी आला आणि गिरगावचं ४ हे ४००००४ झालं. मात्र जुनी सवय पुढेही टिकली, तेव्हा एवढ्यावर पैज लावू नका. पानाच्या मागून बोट फिरवा. अक्षरांचे उठाव लागले तर छपाई खिळ्यांची (धातूची अक्षरं जुळवून केलेली), गुळगुळीत असेल तर बहुधा नंतरची ऑफसेट आवृत्ती.

आपल्या पावसाळ्यात खरा शत्रू दमट हवा. कागद लाकडी लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो. वास घालवायला उन्हात ठेवलात तर आणखी लवकर. पंख्याखाली उभं उघडून ठेवा. कसर लागली असेल तर पिशवीतली हवा काढून, तोंड घट्ट बंद करून पुस्तक उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. सेलोटेप कधीच नको. काही वर्षांत टेप सुटते, पण तिचा गोंद तेलकट डाग बनून अक्षरांत मुरलेला असतो. गंजलेल्या पिना मात्र काढाच: दोन्ही पाय बोथट सुरीने सरळ करून मगच उचला, आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा.