बाबांची टावी झाली

आज बाबांच्या हृदयाची झडप टावीने, म्हणजे नळीवाटे, बदलली. कॅल्शियम साचून महाधमनीची झडप इतकी अरुंद झाली होती की एक जिना चढतानाही ते मध्येच कठडा धरून उभे राहायचे. छाती उघडावी लागली नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवली आणि घडी घातलेली नवी झडप जुनीच्या आतच फुग्याने उघडली.

पूर्ण भूल नव्हती, फक्त गुंगी. बाबा म्हणाले, "एकदा छातीत जोरात फडफडलं, मग एकदम शांत." डॉक्टरांनी नंतर समजावलं: झडप जागची हलू नये म्हणून ते काही सेकंद पेसिंगने, म्हणजे विजेचे हलके झटके देऊन, हृदय मुद्दाम मिनिटाला १८० च्या आसपास पळवतात. तेवढ्यात रक्तदाब एकदम खाली येतो. "दाब परत वर आला की मीही श्वास सोडतो," म्हणाले. इतक्या अनुभवी माणसाने हे मोकळेपणाने सांगितलं, फार बरं वाटलं.

२००२ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. अलाँ क्रिबिए यांनी माणसावर टावी पहिल्यांदा केली. मनापासून ऋणी आहे.

आज रात्रभर मॉनिटर चालू राहील, कारण नव्या झडपेच्या दाबाने ठोके मंदावू शकतात. नर्सताई सारख्या येऊन जांघेची पट्टी बघतायत. बाबा पाय सरळ ठेवून झोपलेत.